सुगंधी तेलाच्या कुपीवर प्रमाण मराठीत छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापूरच्या बाजारपेठेत उटणे आणि अभ्यंगाच्या तेलाची रास लागते. अलीकडे त्यांच्या शेजारी लव्हेंडर, टी ट्री, गवती चहा, निलगिरी अशा इसेन्शियल ऑइलच्या दहा-पंधरा मिलिलिटरच्या गडद काचेच्या कुप्याही मांडलेल्या दिसतात. ‘थकवा घालवणारे मसाजाचे तेल’ असे खोक्यावर ठळकपणे छापलेले असते. मात्र ते कशात आणि किती मिसळून अंगाला लावायचे, ही माहिती माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक कुप्यांवर नव्हती, आणि जिथे होती तिथे ती भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत होती. निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक या नात्याने मला ही बाब गंभीर वाटते.

खासबागेचे मैदान आणि पेठोपेठी तालमी असलेल्या या शहराला मालिश कसे करावे हे बाहेरून कोणी शिकवायला नको. अडचण नेमकी त्या सवयीतूनच निर्माण होते. घाण्याचे तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल ओंजळीत ओतून घ्यावे आणि अंगात जिरवावे, हे आपल्या हातांना ठाऊक आहे. इसेन्शियल ऑइल हे बियांतून पिळून काढलेले स्निग्ध तेल नसून पाने, फुले वा साल यांतून बहुधा वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळवलेला, हवेत उडून जाणारा अतिशय तीव्र अर्क असतो. तो तसाच चोळला तर कातडीची आग होते, पुरळ उठते, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे त्याच वासाचा साबणही सोसत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगाच्या मालिशसाठी साधारण दोन टक्के प्रमाण पुरेसे मानले जाते. चहाचे सहा चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, तीळ, खोबरे किंवा बदामाच्या तेलात बारा थेंब, एवढाच हा हिशेब आहे. वयस्कर किंवा नाजूक त्वचेच्या व्यक्तीसाठी सहाच थेंब घ्यावेत, आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये. तयार तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. दालचिनीच्या सालीचे आणि लवंगेचे तेल याहूनही दाहक असल्याने घरगुती मालिशसाठी ते टाळलेलेच बरे. थंड दाबाने काढलेले लिंबाचे किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात, तेव्हा सकाळी मालिश करून शेताकडे निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत आपण फारच निर्धास्त असतो. सर्दी झाली की तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर घातलेले खोबरेल चोळण्याची पद्धत घरोघरी आहे. कापूर कातडीतून शरीरात शोषला जातो आणि लहान मुलांना त्यामुळे झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेल तर काही मिलिलिटर पोटात गेले तरी बालकाच्या जिवावर बेतू शकते. तालमीत मुरगळलेल्या खांद्याला लावायच्या अनेक मलमांत विंटरग्रीन या वनस्पतीच्या तेलाचा मुख्य घटक, मिथिल सॅलिसिलेट, असतो. तो ॲस्पिरिनच्या कुळातला आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांनी नातवाचे हे मलम परस्पर वापरू नये.

शुद्धतेचा प्रश्न वेगळाच. एक किलो गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, हे ठाऊक असणाऱ्याला शंभर रुपयांच्या ‘शुद्ध गुलाब अर्का’त काय असेल, हे सांगावे लागत नाही. कृत्रिम सुगंध असण्यात गुन्हा नाही. तो लपवण्यात आहे.

मालिशमुळे आखडलेले अंग सैल होते, आवडत्या वासाने मन निवते, आणि यात नाकारण्यासारखे काही नाही. परंतु काही मसाज केंद्रांच्या फलकांवर याच तेलांनी संधिवात आणि अर्धांगवायू बरा होतो, असे दावे सर्रास दिसतात. अशा आजारांवरील उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा औषधे आणि जादुई उपाय कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याची आठवण करून द्यायला दिवाळीपूर्वीचे दिवस योग्य ठरतील.

अन्न व औषध प्रशासनाने या कुप्यांची तपासणी करावी आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव, मिसळण्याचे प्रमाण, वापरण्याची मुदत व ‘मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना ठळक मराठीत छापण्याचा आग्रह उत्पादकांकडे धरावा, ही विनंती. मसाज केंद्रांनीही ग्राहकाला ॲलर्जी, रक्तदाब आणि चालू औषधे यांविषयी विचारूनच तेल निवडावे. तोपर्यंत घरोघरी कुप्या उंच फळीवर, कुलपात ठेवाव्यात. मुलाने तेल प्यायल्यास त्याला उलटी करायला लावू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, तर कुपीसह ताबडतोब कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचे दुसरे रुग्णालय गाठावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर