खर्ज परत आणून देणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

निघताना तुम्ही दारात बजावलंत, "ताई, माझं नाव कुठं टाकू नका." म्हणून टाकत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या बाजूला ज्यांनी कधी बंद पडलेला अँप्लिफायर दुरुस्तीला नेला असेल, त्यांना तुम्ही कोण ते कळेलच.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं. बाबांचा अँप्लिफायर, दोन मोठे बॉक्स आणि कॅसेटची पेटी त्यात गेली. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्र रात्र बसणारा हा माणूस त्यानंतर फोनवर गाणं ऐकायला लागला. कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, "तंबोरा ऐकू येतो गं, पण खर्ज येत नाही." खर्ज म्हणजे तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सा.

हे वाक्य तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवलंत. बाबांची पट्टी विचारलीत. काळी एक म्हटल्यावर म्हणालात, तिचा सा साधारण १३९ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ च्या आसपास. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ निघतच नाही. त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा सूर अंदाजाने भरून घेतो, म्हणून सूर ओळखू येतो, पण अंगाला लागत नाही. बाबांची इतकी वर्षांची खंत त्यांच्या वयाची नव्हती, कानाचीही नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं, आणि सगळ्यात आधी आभार मानायचे ते याचे.

एका दुकानात मला हजारो वॅट छापलेला पाच स्पीकरांचा संच दाखवला होता. मी जवळजवळ पैसे भरणारच होते. तुम्ही त्याचा फोटो पाहून एवढंच विचारलंत, "खोली केवढी?" दहा बाय बारा. मग कागदाच्या पाठीवर लिहून दिलंत: पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतला फुगवलेला वॅटचा आकडा वाचायचा नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद विचारायची. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दोनच स्पीकर घ्या, अँप्लिफायर आत असलेले, पाच इंची, आणि मागे सबवूफर जोडायचं ‘सब आउट’ भोक आहे का तेवढं बघा. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, महिनाभर घेऊच नका, आधी ऐका. विकायला तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्या खर्चाची काळजी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त होती.

महिन्याने आठ इंची सब आणला आणि जोडणीत मी अडकले. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, तिला फाटा देऊन एक टोक स्पीकरला, एक सबला. सब कोपऱ्यात. सुरू केलं की सतत घूंऽऽ. वायरिंग करणाऱ्या एकाने सुचवलं, सबच्या प्लगची जाड पिन काढून टाका, घरघर जाईल. तुम्हाला फोनवर हे सांगितलं आणि तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात: "अर्थिंगच्या पिनेला हात लावायचा नाही! शॉक बसला तर गाणं कोण ऐकणार?" त्याच संध्याकाळी सहाची गाडी पकडून तुम्ही आलात.

तुम्ही सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलची वायर काढलीत. घरघर थांबली. परत लावलीत, परत सुरू. केबलवाल्याच्या वायरीतून एक अर्थ येतो, भिंतीतल्या प्लगमधून दुसरा, आणि दोघांच्या मधे आपली ऑडिओची वायर सापडते, हे तुम्ही बाबांना बोटांनी दाखवलंत. उपाय होता ऑप्टिकल केबल. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ती साखळीच तुटते. ती लावल्यावर मात्र सगळं गप्प झालं. मी घाबरले. तुम्ही टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा प्रकार पीसीएम, म्हणजे साधा न गुंडाळलेला, केलात, कारण हे साधे स्पीकर डॉल्बी उलगडू शकत नाहीत. मग स्पीकरच्या ‘सब आउट’मधून एकच आरसीए वायर सबला, आणि सगळे प्लग एकाच बोर्डावर. डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर मी उलटी लावली होती, तीही सरळ केलीत. तेव्हा कुठे गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन बसला.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. तुम्ही बाबांना खुर्चीवरून उठवलंत आणि त्या जागी सब ठेवलात. डग्ग्याचं एक आवर्तन पुन्हा पुन्हा लावलंत आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने खोलीभर फिरलात. तुमच्या वयाच्या माणसाने आमच्या फरशीवर रांगावं याचा मला संकोच वाटत होता. तुम्ही मात्र थांबून थांबून सांगत होता: बारा फुटांत ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर मावते, ती भिंतीशी फुगते आणि मधे रिकामी पडते. कोपऱ्यात नुसता फुगवटा. पुस्तकांच्या कपाटाशेजारी डग्गा घट्ट ऐकू आला, तिथे सब गेला.

बाबांना सब म्हणजे मिरवणुकीतली धडधड वाटत होती. तुम्ही म्हणालात, "सब ऐकू आला तर चुकलं म्हणायचं." कटऑफ, म्हणजे सबने कुठवरचे सूर वाजवायचे ती हद्द, ८० हर्ट्झच्या जरा खाली, कारण त्याच्या वर गेलं की आवाज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं. सबची लाट स्पीकरांच्या लाटेशी जुळवणारं फेजचं बटण शून्यावर, मग १८० वर, दोन्हीकडे बाबांनाच ऐकायला लावलंत, आणि भरीव लागलं तिथे थांबलात. व्हॉल्यूम अगदी शून्यापासून केसाकेसाने वर. तंबोऱ्याची जवारी लावणारे तारेखालचा दोरा असाच सरकवतात, हे बाबा मला नंतर म्हणाले.

मग तुम्ही भडंग खात बसलात. कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी तुम्ही न सांगता सबचं बटण बंद केलंत. बाबांनी डोळे उघडले. "खर्ज गेला."

तुम्ही परत लावलात. त्यांनी डोळे मिटले.

पैसे तुम्ही फक्त एसटीचे घेतलेत. व्हॉल्यूमच्या नॉबवर तुम्ही पेन्सिलीने केलेली खूण मी फडक्यानेसुद्धा पुसू देत नाही. बाबा रोज सकाळी आधी टीव्ही, मग स्पीकर लावतात आणि बंद करताना आधी स्पीकर, तुम्ही सांगितलंत तसंच. कपाटामागचा तंबोरा त्यांनी बाहेर काढला आहे, त्याच्या जोडीच्या तारा बदलायच्या आहेत. त्या कामाला रविवारी तुमच्याच गल्लीत येतो आहोत. दुकान बंद असलं तरी घरी असा.

तुमची,
सांगलीची ताई