डॉक्टरांनी व्यवसाय सोडला म्हणून चौकशी सोडायची?

महोदय,

नोंदणी सोडून दिलेल्या डॉक्टरांवरच्या शिस्तभंगाच्या चौकश्या ‘जनहितार्थ’ बंद कराव्यात, असं सांगणारा लेख काल आपल्या अंकात वाचला. लेखकांचं वय आणि अनुभव मोठा आहे. त्यांचा मान ठेवून विचारते, या ‘जनां’त आम्ही येतो की नाही?

माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या रात्रीच्या केसपेपरवर नाडी, रक्तदाब, लघवी अशा चौकटी आखलेल्या आहेत. साडेअकराच्या नोंदीत नाडी १२८. त्यापुढे पहाटे चारपर्यंत सगळ्या चौकटी कोऱ्या. पावणेपाचला आई गेली. ड्यूटीवरच्या सिस्टरनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, “ताई, हे अक्षर माझं नाही. मी दर अर्ध्या तासाला लिहीत होते. सरांना तीन वेळा फोन केला.” त्यांना हॉस्पिटलने नोंदी ठेवल्या नाहीत म्हणून कामावरून काढलं. आम्ही राज्य वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली. तिथे साक्ष द्यायला सिस्टर तयार होत्या. त्यांना साक्षीला कधी बोलावलंच गेलं नाही.

डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात. आम्हाला ते एकोणिसाव्या दिवशी मिळाले. तक्रारीचा निकाल ६ महिन्यांत लागला पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. आमची चार वर्षं गेली. सात तारखा झाल्या, आणि दर तारखेला समोरच्या वकिलांनी मुदत मागून घेतली. मग डॉक्टरांनी नोंदणीचं नूतनीकरण केलं नाही, आणि आमच्या हाती दोन ओळींचं पत्र आलं: संबंधित व्यक्ती आता नोंदणीकृत नसल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे फाईल बंद. सही, शिक्का. कारण एवढंच. आम्हाला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

लेखकांचं म्हणणं असं की परिषद जास्तीत जास्त डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव कमी करू शकते, ते तर आधीच कमी झालं आहे, मग उरलं काय? नाव कमी होणं आणि नाव कमी करणं, यात फार मोठं अंतर आहे. परिषदेनं नाव कमी केलं तर ते वृत्तपत्रांतून जाहीर करावं, असं याच नियमांत लिहिलंय. पण स्वतःच काढून घेतलं तर तुम्ही काय छापणार? उद्या त्यांनी पुन्हा नोंदणी मागितली, तर त्यांच्याविरुद्ध कागदावर एक ओळ नसेल. मला त्यांची बदनामी नको आहे. त्या रात्री काय झालं, कागद कुणी बदलला, हे कुणीतरी अधिकारानं लिहून ठेवायला हवं. सिस्टरच्या नावावरचा ठपकाही त्यावरच अवलंबून आहे.

डॉक्टर अंथरुणाला खिळलेले असतील, त्यांना काही आठवत नसेल, तर चौकशी थांबवणं मलाही पटेल. पण तसा कारणांसह आदेश द्या, आणि आधी तक्रारदाराचं ऐकून घ्या.

जाता जाता आणखी एक, कारण त्या लेखात याचा उल्लेखही नव्हता. पूर्वी परिषदेच्या निकालावर ‘कोणतीही पीडित व्यक्ती’ ६० दिवसांत अपील करू शकत असे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० (३)मध्ये अपिलाचा उल्लेख आहे तो फक्त डॉक्टरांसाठी. रुग्णानं, त्याच्या मुलीनं कुठे जायचं? आपण अर्धं पान दिलंत, त्यात ही एक ओळ बसली असती.

साडेअकरा ते चारच्या त्या कोऱ्या चौकटींची झेरॉक्स सोबत जोडली आहे. छापता आली तर छापा, नाहीतर लेखकांकडे पाठवा.

— एक वाचक
(नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)