ताई, तुम्ही माहितीपट थांबवायला शिकवलंत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या शाळेत येऊन गेलात त्याला आता दोन वर्षं होतील. खांद्याला प्रोजेक्टर आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. त्या दिवशी तुमची शेवटची एसटी निघायची वेळ झाली आणि आभार मानायचे राहूनच गेले. आज ते सगळ्यांसमोर मानते, कारण नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या इतरांपर्यंतही हे पोचावं असं मनापासून वाटतं.

सहावीचा 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' हा पाठ मी वर्षानुवर्षं शिकवत आले. ग्रामपंचायतीत कमीत कमी 7, जास्तीत जास्त 17 सदस्य. निम्म्या जागा महिलांना राखीव. मुलं घडाघडा म्हणून दाखवायची. पंचायतीचं कार्यालय शाळेच्या कुंपणाला लागून, पण आत काय चालतं ते एकालाही ठाऊक नसायचं. माहितीपट मीही दाखवायचे. पण एकदा लावला की शेवटपर्यंत, आणि मग "आवडला का?" "हो बाई." संपला तास.

तुम्ही गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावावरचा माहितीपट लावलात आणि चौथ्याच मिनिटाला थांबवलात. पडद्यावर ग्रामसभा. "काय वाटलं ते नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा," म्हणालात. सगळे जमिनीवर बसलेत. खुर्ची एकही नाही. बाया मागे नाहीत, मधेच आहेत. आणि वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली आमची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझी आई ग्रामसभेला जातच नाही. म्हणते, तिथं बसायचं कुठं?"

ताई, तो प्रश्न पाठ्यपुस्तकातून मला कधीच काढता आला नसता.

पुढे तुम्ही सांगितलंत की हे गाव मतदान न घेता सर्वसहमतीने ठरवतं, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. मुलांना हेक्टरांचं काही नव्हतं. त्यांनी धरलं ते सर्वसहमतीला. "एकच जण मुद्दाम अडून बसला तर?" अर्धा तास भांडली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, मलाही देऊ दिलं नाहीत. मला तेव्हा ते फार जड गेलं. आता दर आठवड्याला मी तेच करते. एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली बातमी फळ्याशेजारी लावते आणि गप्प राहते.

तुमच्या गठ्ठ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आमच्याच पंचायतीच्या ग्रामसभेच्या नोटिशीची झेरॉक्स. ती तुम्ही सकाळी फलकावरून मिळवलीत, मी मात्र रोज तिथूनच येत-जात होते. मुलांनी विषयपत्रिका शेवटपर्यंत वाचली. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही ओळ दिसल्यावर एकाने विचारलं, "मग अंगणवाडीपुढचं गटार यात बसेल?"

बसलं, ताई. मुलांना मत नाही, पण त्यांच्या आयांना आहे. 26 जानेवारीच्या सभेला कोरम भरला नाही म्हणून ती तहकूब झाली. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात, हे पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं. 1 मेच्या सभेला त्या मुलीची आई आली, सोबत आणखी अकरा जणी. त्यांनी सतरंजी घरूनच आणली होती, आणि ती पुढे अंथरली. गटाराचा विषय इतिवृत्तात लिहिला गेला. मुलगी दाराशी उभी राहून लिहिणाऱ्याच्या पेनाकडे टक लावून बघत होती.

गटार अजून उघडंच आहे. मुलं दर महिन्याला विचारायला जातात.

यंदाच्या सहावीने तुमच्यासाठी प्रश्न काढून ठेवलेत. दिवाळीनंतर जमेल का यायला? या वेळी मुक्कामालाच या, शेवटच्या एसटीची घाई नको.

तुमची,
सहावीच्या बाई