विषारी दारू आणि दुसरा दिवस

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्यातले मिथेनॉल (कारखान्यांत वापरले जाणारे अल्कोहोल) मुळात तितके घातक नसते. यकृतातले एक एन्झाइम त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड बनवते व पुढे त्याचे फॉर्मिक आम्ल होते. या आम्लाचा निचरा माणसात फार सावकाश होतो आणि ते डोळ्यांच्या नसांवर उठते. म्हणून रात्री नुसती झिंग असते, नजरेपुढे पांढुरके धुके बहुधा दुसऱ्या दिवशी येते. घरचे मात्र ‘उतरली नाही अजून’ म्हणत झोपू देतात! तेच एन्झाइम इथेनॉलला, म्हणजे नेहमीच्या दारूतल्या अल्कोहोलला, आधी धरते, म्हणून रुग्णालयात इथेनॉल उतारा म्हणून देतात, जोडीला डायलिसिस. (घरी आणखी पाजणे हा उपाय नव्हे.) छाप्यांच्या बातम्यांसोबत ही लक्षणे चौकटीत छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, मुंबई