माफी कशाची?

शेतकऱ्यांच्या कर्जाची बातमी आली की मथळ्यात ‘कर्जमाफी’ हमखास असते. माफी अपराध्याला मिळते. अतिवृष्टीत सोयाबीन कुजले, उरलेल्याला हमीभाव मिळाला नाही, म्हणून हप्ता थकला. यात अपराध कोणता? पण पुण्य गाठीशी बांधणारा, उपकार फेडणारा, पापाचा हिशोब मांडणारा आपला समाज थकलेल्या कर्जाला चारित्र्यावरचा डाग मानतो. गावात मान खाली घालावी लागते ती शेतकऱ्यालाच. बड्या उद्योगांची थकलेली कर्जे बँका निर्लेखित करतात, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकतात, तेव्हा माफीचा शब्दही कुणी काढत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनेच महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या योजनेला ‘शेतकरी कर्जमुक्ती योजना’ म्हटले होते. वृत्तपत्रांनीही यापुढे ‘कर्जमुक्ती’ असेच छापावे, ही विनंती.

– एक वाचक, लातूर