इतिहास-भूगोलाला शिकवणी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांना कोणत्या विषयाची शिकवणी लावावी यावरचा लेख वाचला. गणित, विज्ञान, इंग्रजीला स्वतंत्र शिकवणी हवी, इतिहास-भूगोल मात्र घरच्या घरी पाठ करून घेता येतात, असं लेखकाने एका वाक्यात उरकलं आहे. मी वाईत गेली बावीस वर्षं एकेका मुलाला समोर बसवून नेमके हेच दोन विषय शिकवते. त्यामुळे थोडा राग आला, हे आधीच सांगून टाकते.

लेखकाला एकट्याला दोष देत नाही. दाराशी येणारे पालकही तेच बोलतात. "मॅडम, प्रश्नोत्तरं तेवढी करून घ्या. नकाशाचे मार्क हातचे जायला नकोत." इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस, भूगोलाचे चाळीस, अंतर्गत मूल्यमापनाचे वीस, एवढाच त्यांचा हिशेब. गणिताच्या सरांना जे देतात त्याच्या निम्मे मला देतात आणि तेही 'पेपरच्या आधी दोन महिने' या बोलीवर. २०२० साली लॉकडाउनमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क मिळाले, तेव्हा माझ्याच एका विद्यार्थ्याने फोन केला, "काकू, सुटलो!" दोन वर्षं शिकवलं होतं त्याला.

तरीही माझं म्हणणं असं, की एकास एक शिकवणीचं खरं चीज याच दोन विषयांत होतं. गणिताचं उदाहरण साठ मुलांना फळ्यावर एकदम दाखवता येतं. पण मुलाचं घर कुठे आहे, आजी कुठल्या गावची, सुट्टीत तो कुठल्या घाटाने मामाकडे जातो, हे साठ जणांचं साठ तऱ्हेचं. इतिहास-भूगोल सुरू तिथूनच होतो.

सातवीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. अफजलखानाचा धडा त्याला तोंडपाठ होता, १० नोव्हेंबर १६५९ या तारखेसकट. महाराजांनी भेटीला प्रतापगडाचा पायथाच का निवडला, असं विचारलं तर "प्रदेश डोंगराळ व घनदाट अरण्याचा होता" हे गाइडातलं उत्तर एका दमात. मी पुस्तक मिटलं आणि सर्वेक्षण खात्याचा स्थलनिर्देशक नकाशा जमिनीवर पसरला. म्हटलं, खान वाईत आहे, म्हणजे आपल्याच गावात. त्याला प्रतापगडाखालच्या जावळीत ने. पोराने बोट वाईवर ठेवलं, कृष्णेच्या कडेकडेने वर सरकवलं, महाबळेश्वरापर्यंत आलं आणि तिथून पश्चिमेला उतरताना थांबलं. तिथे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, इतक्या दाट झाल्यात की नकाशा तपकिरीच दिसतो. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, हत्ती कुठनं उतरवले?"

मी रडतोंडीच्या घाटाचं नाव सांगितलं. पुढचं त्यानेच लावलं. तोफा कशा उतरल्या असतील, उतरल्या तरी परत वर कशा न्यायच्या, वाईच्या सपाटीवर गाठ पडली असती तर काय झालं असतं. तो धडा इतिहासाचा होता की भूगोलाचा, हे मला अजून सांगता येणार नाही. शाळेत मात्र त्याची दोन पुस्तकं, दोन तास आणि दोन वेगळ्या वह्या.

मेणवली आमच्यापासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट बघायला सगळे जातात, सिनेमावाल्यांनी तर तो फारच लाडका करून ठेवलाय. घाटावर टांगलेली मोठी घंटा मात्र बहुतेक जण वाजवून पुढे जातात. मी मुलाला ती आधी वाजवू देत नाही. हाताने चाचपायला लावते. त्याला १७०७ हे साल सापडतं, मेरी आणि बाळ येशू सापडतात आणि तो माझ्याकडे बघतो. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. अशीच एक घंटा भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मग वसई ते वाई वाट शोधायची. खाडी कुठे, सह्याद्री कुठल्या घाटाने चढायचा, एवढी जड घंटा कशावर लादायची. एका मुलीने विचारलं होतं, "त्यांना ती परत नको होती का?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच अपेक्षित प्रश्नसंचात नाही. माझ्याकडेही नव्हतं.

सावलीचा किस्साही सांगते, कारण त्यात माझीच फजिती आहे. मे महिन्यात आपल्याकडे एके दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिल्या वर्षी मी पुण्याची तारीख धरून अंगणात मीटरभर काठी रोवली, मुलाला उन्हात उभं केलं. सावली जाईना. सेंटिमीटरभर उरलीच, आणि तीही दक्षिणेला! मी गडबडले. आपली दुपारची सावली एरवी उत्तरेला पडते. पोरगं मात्र खूश. दोघांनी ॲटलास काढला तेव्हा उलगडा झाला. वाई पुण्याच्या दक्षिणेला, साधारण अर्ध्या अंशाने. आमचा दिवस दोनेक दिवस आधीच होऊन गेला होता, सूर्य आम्हाला ओलांडून उत्तरेकडे निघाला होता. अक्षांश म्हणजे काय हे त्या मुलाला पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही. (हा दिवस जुलैच्या शेवटाला पुन्हा येतो, पण तेव्हा वाईत सूर्य दिसला तर नशीब.) आता माझी एक विद्यार्थिनी आईवडिलांबरोबर दुबईला असते, तिला फोनवरून शिकवते. तिनेही गच्चीत काठी उभी केली. तिची सावली २१ जूनलाही पुरती गेली नाही, तीन सेंटिमीटर राहिली. दुबई कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे, तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही, हे मी सांगायच्या आत तिने मला सांगितलं.

आता या पद्धतीत जे वाईट आहे तेही लिहायला हवं. वर्गात एक मूल काही बोललं की दुसरं "खोटं!" म्हणून ओरडतं. माझ्यासमोर एकच मूल असतं आणि मी म्हणेन ते त्याच्यासाठी ब्रह्मवाक्य. भूगोलात चूक झाली तर काठी आणि सावली चूक दाखवते. इतिहासात कोण दाखवणार? माझ्या आवडीनिवडी, माझे राग मुलाच्या वहीत कधी उतरतात ते माझं मलाही कळत नाही. म्हणून एक पथ्य पाळते. एकच गोष्ट दोन ठिकाणी वेगळी लिहिलेली सापडली की ती लपवायची नाही, मुलापुढे ठेवायची.

पाचवीतल्या एका मुलाच्या आजोबांच्या जुन्या पुस्तकात महाराजांचा जन्म १६२७ सालचा होता, शाळेच्या पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३०. घरात त्यावरून वादावादी झाली आणि पोरगं रडवेलं होऊन माझ्याकडे आलं, की आजोबा खोटं बोलतात का. मी त्याला जेधे शकावलीची, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींची, गोष्ट सांगितली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद मिळाली, मग अभ्यासकांची वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि अखेर राज्य सरकारने हीच तारीख धरली. आजोबा शिकले तेव्हाच्या पुस्तकात जुनीच तारीख होती. ते खोटं बोलत नव्हते. मुलाने डोळे पुसले आणि विचारलं, "पण शकावली लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?" अहो, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाचा! चाळीस मार्कांच्या पेपरात त्याला जागा नाही म्हणून तो विचारायचाच नाही का?

अशा शिकवण्याची किंमतही मोजावी लागते. एका मुलीने परीक्षेत स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं, मुद्दे सगळे होते, तरी 'पुस्तकाप्रमाणे लिहावे' असा शेरा आला आणि पाचपैकी दोन मार्क. तिच्या वडिलांनी पुढच्या महिन्यात शिकवणी बंद केली. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मार्कांवर प्रवेश असतो, नकाशावर बोट फिरवण्यावर नसतो. मीही जानेवारी उजाडला की निमूटपणे 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा'कडे वळतेच.

आणि शिकवणी परवडत नाही त्यांचं काय, हा प्रश्न आहेच. पण शिकवणीतलं जे मी वर लिहिलं त्याला मास्तरीण लागतेच असं नाही. घरात एक मोठं माणूस, अर्धा तास आणि एक चांगला नकाशा पुरतो. धरणात गाव गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने, जिला सही करण्यापुरतंच लिहिता येतं, नातीला पाण्याकडे बोट दाखवून गावठाण, देऊळ, ओढा आणि कोणाचं शेत कोणाला लागून होतं ते सगळं सांगितलं. मुलीने ते कागदावर काढलं. इतका नेमका नकाशा माझ्याकडे आजवर दुसऱ्या कुणी काढलेला नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. पुरवणीत दहावीसाठी 'हमखास येणारे प्रश्न' छापता, ते छापा, पालकांना हवे असतात. पण त्याच पानाचा एक कोपरा दर रविवारी एकेका तालुक्याच्या नकाशाला द्या. नद्या, डोंगर, जुन्या वाटा, किल्ले, बाजाराची गावं, बस. सुरुवात वाईपासूनच करा असा हट्ट नाही, माण तालुक्यापासून करा. महाबळेश्वरात सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास, हे तिथल्या मुलांनी ढगाकडे बघत बघत शोधू दे. खाली दोन-तीन प्रश्न हवे तर टाका. उत्तरं मात्र पुढच्या रविवारी छापू नका.

आपली,
एक शिकवणीवाली काकू
वाई, जि. सातारा