फ्यूज बॅटरीपाशी, बाकी सगळं नंतर

ठाणे,
१२ जून

प्रिय संज्या,

टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर थारला कसा जोडायचा, यावर फोनवर ‘पत्रच लिहितो’ म्हणालो तर हसलास. पण रिलेच्या, म्हणजे बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, चार पिना फोनवर सांगून कुणाला समजल्यात? शिवाय तू सगळ्याला ‘हो हो’ म्हणतोस आणि शेवटी आपलंच खरं करतोस. कागद हातात असला तर निदान गाडीपाशी उभा राहून वाचशील.

कॉम्प्रेसर चांगला घेतलास. प्लेटवर फुल लोडला ३० अँपिअर आहे म्हणालास, तोच आकडा धरून चालतो. आधी एक ऐक: तो लायटरच्या सॉकेटवर लावायचा नाही. कोणी कितीही म्हणो. त्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो आणि आतली वायरही त्याच मापाची. आमच्या सोसायटीतल्या एकाला ॲक्सेसरीच्या दुकानातल्या पोराने नेमकं तिथेच टॅप मारून दिलं. फ्यूज उडायला लागला तसा त्याने १५ चा काढून ३० चा ठोकला. ‘आता नाही उडणार साहेब.’ नाहीच उडला. डॅशबोर्ड खोलला तेव्हा त्या वायरचं इन्सुलेशन पाघळून शेजारच्या दोन वायरींना चिकटलं होतं आणि आतलं तांबं काळं पडलं होतं. अरे, फ्यूज कॉम्प्रेसरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. उडत असेल तर का उडतोय ते बघायचं.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. कॉम्प्रेसरपाशी लावलास तर मधली सगळी वायर वाऱ्यावर. ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी शेकडो अँपिअर तिच्यात ओतेल आणि अडवायला कोणी नसेल. तुझ्यासाठी ४० चा बास.

आता वायर. लोकांचा हात आखडतो तो इथेच. बॅटरीपासून जाऊन परत यायला चार मीटर धर. अडीच स्क्वेअरच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरमध्ये ३० अँपिअरला जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो. सहा स्क्वेअरमध्ये पाव-अर्धा व्होल्टच्या मध्ये. व्होल्टेज पडलं की मोटर कुंथते, हवा कमी देते आणि तापते. सहा स्क्वेअरच घे. घरातल्या फिटिंगची नको, तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांचं असतं; बॉनेटखाली १०५ अंशांची ऑटो वायर लागते. आणि घेताना टोक ब्लेडने खरवडून बघ. आतून पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे. स्वस्तातल्या जंपर केबल बऱ्याचदा असल्याच असतात. जाडी दिसते झकास, पण करंट वाहायला तांब्याच्या दोन तृतीयांशही नाही. मी मुंबईला लोहार चाळीत दुकानदारासमोरच खरवडतो. तोंड वाकडं करतात, करू देत.

रिलेचं सोपं आहे. ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून कॉम्प्रेसरचा प्लस. ८५ अर्थला. ८६ ला स्विचकडून येणारी बारीक वायर, आणि त्या स्विचला प्लस अशा फ्यूजवरून दे जो चावी फिरवल्याशिवाय जिवंत होत नाही. रिलेच्या आतल्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणजे केबिनमध्ये फक्त बारीक वायर येते आणि जाडी सगळी बॉनेटमध्येच राहते. दाब भरला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विचसुद्धा याच बारीक वायरीत घाल, मोटरच्या लाइनमध्ये नको. आणि नेहमीचा ३० चा हॉर्न रिले घेऊ नकोस; मोटर सुरू होताना क्षणभर बराच जास्त ओढते, त्याचे पॉइंट चिकटतील. ७० चा घे.

मायनसला एक गोम आहे. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर थेट पोलवर जोडू नकोस, सेन्सरचा हिशेब चुकतो. कंपनीची अर्थ बॉडीला जिथे लागलीय तिथे, रंग खरवडून, बोल्टखाली लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घाल. वर ग्रीस फास, नाहीतर एका पावसाळ्यात हिरवं होईल. कंपनीची एकही वायर कापू नकोस, वॉरंटीला निमित्त मिळतं.

हवा साठवायची टाकी लावू का, विचारत होतास. नको. हिशेब कर: तुझ्या थारच्या २५५/६५ आर १८ टायरच्या पोटात सत्तर-ऐंशी लिटर जागा. चिखलासाठी हवा उतरवलेली, त्यातून १८ पीएसआयवर बाहेर येऊन ३२ करायचे म्हणजे १४ ची भर, जवळजवळ एक वातावरण. म्हणजे प्रत्येक टायर स्वतःच्या पोटाएवढी हवा आणखी गिळतो. चार मिळून तीनशे लिटरच्या आसपास. पाच लिटरची टाकी १५० पीएसआयला भरली तरी त्यातून टायरच्या कामाची चाळीसेक लिटर निघते. एक टायरसुद्धा होत नाही, आणि वजन मात्र कायमचं वाहायचं. मुरबाडकडून परतताना पंपावरचं हवेचं मशीन बंद असलं की लोक तसेच १८ वर हायवेने ठाण्यापर्यंत येतात, साइडवॉल तापून फाटते. त्या वेळी कॉम्प्रेसर पाहिजे, टाकी नाही.

बसवशील कुठे ते तू ठरव. एक्झॉस्टपासून लांब आणि हवा ओढायचा फिल्टर वर. चिपळूणकराला पाणी कुठवर चढतं हे मी काय सांगणार!

चालवताना इंजिन सुरू ठेव. होजमध्ये दाब असताना मोटर सुरू करू नकोस, आधी हवा सोड. भरत असताना गेज जास्त दाखवतं, थांबवून वाच. आणि पहिल्यांदा चालू केलास की मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी कॉम्प्रेसरच्या प्लसला लाव. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर कुठला तरी लग ढिला आहे. हात लावून बघ, तोच गरम लागेल.

लग पकडीने चेपायचे नाहीत. वागळे इस्टेटला पॅनेल बनवणारा ओळखीचा आहे, त्याच्या हायड्रॉलिक क्रिम्परवर दाबून, स्लीव्ह चढवून अख्खी वायर एसटीने पाठवतो. तू फक्त बॅटरी ते रिले आणि रिले ते कॉम्प्रेसर अशी सुतळी फिरवून, वळणांसकट, दोन्ही मापं कळव. फॅन बेल्टपासून लांबून ने. मी दोन्हीत थोडी ढील धरतो. काकूंना नमस्कार, आणि एसटीवाल्याबरोबर फणस पाठवलास तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
दिग्या